हीटरशेजारचं बूल कपाट: पितळ आणि कासवाच्या कवचाच्या जडावकामाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण फ्रान्समधलं आहे. मी पॅरिसमधल्या एका छोट्या फर्निचर रेस्टोरेशन वर्कशॉपमधे काम करते आणि आमच्याकडे आलेल्या एका कपाटाची ही पूर्ण हकीगत आहे. मालकीणबाईंची ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी सगळं जसं घडलं तसंच आहे. लिहायचं कारण असं की अँटिक फर्निचर म्हटलं की लोक एकतर किंमत विचारतात नाहीतर पॉलिश कुठलं वापरू विचारतात, आणि या दोन्ही प्रश्नांच्या आधी काय काय ठरवावं लागतं हे कुणी सांगतच नाही.

ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक दोन दारांचं, छातीपर्यंत येईल एवढं उंच कपाट आहे, वर पांढरा संगमरवर, कोपऱ्यांना सोन्याच्या रंगाचे ब्राँझचे मुखवटे, आणि दर्शनी भाग पूर्ण कासवाच्या लाल कवचाचा, त्यावर पितळेच्या वेलबुट्ट्या. घरात पिढ्यानपिढ्या एकच गोष्ट सांगितली जायची की हे फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या काळातलं आहे आणि खुद्द बूलच्या हातचं आहे.

बूल म्हणजे आंद्रे-शार्ल बूल, जन्म १६४२ पॅरिस, मृत्यू १७३२. १६७२ मधे कोलबेर या मंत्र्याच्या शिफारशीवरून त्याला राजानं लूव्रच्या गॅलऱ्यांमधे राहायला आणि काम करायला जागा दिली, म्हणजे पॅरिसच्या सुतार-संघाचे नियम त्याला लागू होईनात आणि लाकूड, पितळ, ब्राँझ सगळं एका छताखाली करायची मोकळीक मिळाली. हे तंत्र त्यानं शोधलेलं नाही, त्याच्या आधीपासून होतं, पण त्यानं ते अशा उंचीला नेलं की पुढे त्या कामालाच त्याचं नाव पडलं. आजही पॅरिसमधल्या फर्निचर शिकवणाऱ्या मोठ्या सरकारी शाळेचं नाव एकोल बूल आहे, १८८६ पासून. आणि लंडनला कधी गेलात तर वॉलेस कलेक्शन बघाच, तिकडे बूलच्या कामाचा जो संग्रह आहे तो बघून आमच्यासारख्या रोज हेच करणाऱ्या लोकांचीही बोलती बंद होते.

काम कसं होतं ते थोडं सांगते कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. पितळेचा पातळ पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पातळ पत्रा एकावर एक कागद घालून चिकटवायचे, वर डिझाईनचा कागद, आणि मग केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीनं दोन्ही एकदम कापायचे. गठ्ठा सुटा केला की एकाच कापणीतून दोन पॅनेल मिळतात, एक कवचाच्या जमिनीवर पितळेची नक्षी, त्याला प्रमिएर पार्ती म्हणतात, आणि दुसरं त्याच्या उलट, पितळेच्या जमिनीवर कवचाची नक्षी, ते कोंत्र पार्ती. काहीच वाया जात नाही. मग हे सगळं लाकडाच्या सांगाड्यावर गरम सरसानं चिकटवायचं, पितळेवर बारीक छिन्नीनं रेषा कोरायच्या, पानाच्या शिरा, चेहऱ्याचे डोळे, कपड्याच्या चुण्या, आणि त्या रेषांमधे काळं भरायचं. कवच मुळात अर्धपारदर्शक असतं, त्याच्या पाठीमागून लाल रंग दिला की वरून ते आतून पेटल्यासारखं दिसतं. हे कवच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचं, आणि या एका गोष्टीनं पुढे बरीच गुंतागुंत झाली.

नेमका प्रॉब्लेम काय होता

बाईंनी घरात नवीन हीटिंग बसवून घेतलं होतं. रेडिएटर बैठकीच्या खोलीत त्याच भिंतीवर आला, कपाटापासून हातभर अंतरावर. पहिल्याच हिवाळ्यात पितळेच्या वेलींची टोकं उचलायला लागली, तव्यावरच्या पापडाची कड उचलते ना तशी. मग एकदा धूळ पुसताना फडक्याचा धागा एका टोकात अडकला आणि तो ओढला गेल्यावर हाताच्या बोटाएवढी लांब पितळेची पट्टी वाकून बाहेर आली, सोबत कवचाचा तुकडा घेऊन. बाईंनी घाबरून फोन केला तोवर डाव्या दारावर, दोन्ही बाजूंना आणि खालच्या पट्टीवर मिळून बऱ्याच जागा सुटल्या होत्या. काही तुकडे त्यांनी बिस्किटाच्या डब्यात नीट जपून ठेवले होते, हे त्यांनी फार मोठं काम केलं, काही मात्र व्हॅक्युम क्लीनरमधे गेले.

असं का होतं? लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं, पितळ त्याला जुमानत नाही. खोलीतली आर्द्रता ५५ टक्क्यांवरून ३० च्या खाली गेली तर चाळीस सेंटीमीटर रुंदीच्या ओकच्या फळीत सहज दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढीच लांब पितळेची पट्टी दहा अंश तापली तरी तिच्यात एक दशांश मिलिमीटरचाही फरक पडत नाही. म्हणजे खालची जमीन सरकते आणि वरची नक्षी जागच्या जागी राहायला बघते, मधे फक्त शे-दीडशे वर्षं जुना, वाळून काचेसारखा ठिसूळ झालेला सरस. तो तुटतो, आणि पितळ स्प्रिंगसारखं वर उडतं. कवच त्यातल्या त्यात समजूतदार, ते थोडं वाकतं, पण फार कोरडं झालं की तेही चिरतं.

यात आणखी दोन जुनी दुखणी मिसळलेली होती. एक म्हणजे खालच्या पट्टीवर पूर्वी कुणीतरी एपॉक्सी, म्हणजे वाळल्यावर दगडासारखा ताठ होणारा रासायनिक गोंद, वापरून डागडुजी केली होती. आणि दुसरं, घरात वर्षानुवर्षं पितळ चकचकीत करायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरलं जात होतं. त्याची पांढरी पूड कोरलेल्या रेषांमधे जाऊन बसली होती, आणि जिथे जास्त हात फिरलाय तिथे मुखवट्यांभोवतीच्या पानांच्या शिरा जवळपास पुसल्याच गेल्या होत्या. पितळेवरचं कोरीवकाम हे काही मिलिमीटर खोल नसतं हो, दर पॉलिशला धातूचा एक थर जातो आणि एक दिवस पान नुसतं सपाट पिवळं राहतं.

अमोनियाचं अजून एक आहे. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनिया लागला की त्याला आतून चिरा जातात. हा धडा भारतातच मिळालाय, ब्रिटिश सैन्याच्या छावण्यांमधे पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची, आणि नंतर उलगडा झाला की घोड्यांच्या मुतातून हवेत जाणारा अमोनिया आणि दमट हवा यांचं ते काम होतं. आमच्या कपाटावर उचललेली प्रत्येक पट्टी ताणाखालीच होती. त्यामुळे बाईंना पहिल्याच फोनवर सांगितलं ते एवढंच, पॉलिशची बाटली बंद करा, फडकं लावू नका आणि रेडिएटर शक्य तेवढा कमी करा. सुटी टोकं चिकटपट्टीनं दाबून ठेवू का असं त्यांनी विचारलं, त्यालाही नको म्हणालो, कारण पट्टी काढताना कवच उचकटतं.

पहिला निर्णय: हे आहे तरी काय

दुरुस्तीच्या आधी हे ठरवणं भाग होतं. खुद्द बूलचं काम असेल तर ते आमच्या वर्कशॉपनं एकट्यानं हात लावायची गोष्टच नाही, म्युझियमच्या लोकांना बोलवायला लागलं असतं. अडचण अशी की बूलनं आपल्या फर्निचरवर सही किंवा शिक्का मारलेला नाही. पॅरिसच्या कारागिरांनी नावाचा शिक्का मारायचा हा नियम अठराव्या शतकाच्या मधल्या काळातला, तोवर बूल गेलेला. म्हणून कागदपत्रांनी नक्की झालेल्या त्याच्या वस्तू अगदी मोजक्या, जशी १७०८-०९ मधे त्रियानों राजवाड्यासाठी दिलेली दोन कमोड, म्हणजे खणांची बुटकी कपाटं, जी पुढे बराच काळ माझारीन लायब्ररीत होती म्हणून माझारीन कमोड म्हणून ओळखली जातात आणि आता व्हर्सायमधे आहेत.

बाकी सगळं मग वस्तूकडे बघूनच ठरवायचं. आम्ही कपाट भिंतीपासून काढून पाठ बघितली, दारं काढून कडा बघितल्या, सुट्या झालेल्या पितळेची जाडी ठिकठिकाणी मोजली. पितळ सगळीकडे एकसारखं पातळ होतं, साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे मशीनच्या रोलरमधून निघालेलं. बूलच्या काळातला पत्रा हातानं ठोकून-घासून केलेला, त्याची जाडी इकडे तिकडे होते. काळं लाकूड एबनी, म्हणजे मुळातच काळं असणारं आबनूस, नव्हतंच, पेअरचं लाकूड काळं रंगवलेलं होतं, एका खरचटलेल्या कडेला आतला गुलाबीसर रंग स्पष्ट दिसत होता. पाठीच्या फळ्यांवर गोल करवतीच्या वक्र खुणा. मुखवटे ओतल्यावर बारीक कोरून साफ केलेले नव्हते, नाकाच्या बाजूला ओतकामाचा खडबडीतपणा तसाच, आणि मुलामाही पाऱ्याच्या जुन्या पद्धतीचा वाटत नव्हता. शिवाय दोन्ही दारांवर आणि दोन्ही बाजूंवर सगळीकडे प्रमिएर पार्तीच, उलटं पॅनेल कुठेच नाही. एकोणिसाव्या शतकात मशीनच्या करवतीनं एका गठ्ठ्यात बरेच पत्रे कापता यायचे तेव्हा हे सर्रास व्हायचं.

उत्तर उघड होतं, तिसऱ्या नेपोलियनच्या काळातलं, म्हणजे १८५२ ते १८७० च्या आसपासचं. त्या काळात पॅरिसच्या नवश्रीमंत घरांमधे बूल पद्धतीच्या कपाटांची लाटच आली होती आणि अशी कपाटं शेकड्यांनी निघाली. पितळेतलं जस्ताचं प्रमाण एक्सआरएफनं, म्हणजे क्ष-किरणांनी धातूचे घटक ओळखणाऱ्या यंत्रानं, तपासायचा पर्यायही होता, जुन्या पद्धतीच्या पितळेत जस्त साधारण तीस टक्क्यांच्या वर जात नाही त्यामुळे त्यावरूनही अंदाज बांधता येतो. पण एवढे सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असताना बाईंचा तो खर्च वाढवण्यात अर्थ नव्हता, असं आमच्या मालकांचं मत पडलं आणि मलाही ते पटलं.

बाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "माझ्या आजोबांना हे माहीत नव्हतं हे बरं झालं." आणि लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे आता दुरुस्त करण्यासारखं नाही का?" माझ्या मते या पूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता.

पर्याय काय काय होते

पैशाचं गणित सरळ विरोधात होतं. या प्रकारची कपाटं आज लिलावात दोन-तीन हजार युरोच्या आसपास जातात, मोडक्या अवस्थेत त्याहून कमी. पूर्ण रेस्टोरेशन, म्हणजे सगळं जडावकाम उचलून, साफ करून, परत बसवणं, याचा खर्च कपाटाच्या किमतीच्या दुपटी-तिपटीत गेला असता. बाईंचा मुलगा कॅनडात मॉन्ट्रियलला असतो, त्याचं म्हणणं होतं की करायचंच तर पूर्ण करा, नव्यासारखं चकचकीत, मी ते इकडे घेऊन येतो.

दुसरा पर्याय विकून टाकायचा, आहे तसं. तिसरा, काहीच न करता कपाट थंड, बिनवापराच्या खोलीत हलवायचं आणि तुकडे डब्यात ठेवायचे. हा पर्याय ऐकायला आळशी वाटतो पण तो खरोखर विचारात घेण्यासारखा असतो, कारण लाकूड स्थिरावलं की पुढचं नुकसान थांबतं आणि निर्णयाला वेळ मिळतो. चौथा, जिथे सुटलंय तिथेच आणि तेवढंच चिकटवायचं, हरवलेले तुकडे भरायचे, साफसफाई हलकी.

पूर्ण उचलण्याच्या विरोधात मी ठाम होते. दीडशे वर्षं जे धरून बसलंय ते मुद्दाम उचलायचं म्हणजे कवचाला शेकडो नव्या चिरा द्यायच्या. आणि परत बसवल्यावर सगळं एका पातळीत आणायला वरून घासावं लागतं, म्हणजे आधीच पुसट झालेलं कोरीवकाम आणखी जाणार, मग ते परत नव्यानं कोरायचं. शेवटी बाईंकडे दिसायला सुंदर असं कपाट उरलं असतं, पण त्याच्यावरची प्रत्येक रेषा आमची असती. मुलाला हे फोनवर समजावणं जड गेलं, त्याला वाटलं आम्ही काम टाळतोय. मग आम्ही त्याला एकाच पानाचे दोन फोटो पाठवले, एक दाराच्या वरच्या कोपऱ्यातलं जिथे कुणाचा हात पोचला नव्हता, बारीक शिरांसकट, आणि एक मधलं, पॉलिशनं सपाट झालेलं. ते बघून त्याचा सूर बदलला.

त्याच्या नेण्याच्या विचारात आणखी एक अडचण होती. हॉक्सबिल कासव सायटीस, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट एक मधे आहे, म्हणजे त्याच्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. अँटिक वस्तूंना सवलत मिळते पण युरोपियन युनियनच्या बाहेर न्यायचं तर ती वस्तू खरंच जुनी आहे याचा पुरावा देऊन परवाना काढावा लागतो, आणि नुसतं "आजोबांचं आहे" म्हणून चालत नाही. आणि कागद मिळाले तरी मॉन्ट्रियलचा हिवाळा! बाहेर उणे वीस, आत जोरदार हीटिंग, हवा कोरडी ठक्क. ज्या कारणानं कपाट मोडलं तेच कारण तिकडे दर वर्षी पाच महिने.

बाईंनी चौथा पर्याय घेतला. विकायचं नाही हे त्यांचं पहिल्यापासून पक्कं होतं.

काय केलं

कपाट वर्कशॉपमधे आणल्यावर लगेच हात लावला नाही. आधी ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेल्या खोलीत ते काही आठवडे नुसतं ठेवलं. लाकूड परत थोडं फुगलं आणि अर्धवट सुटलेल्या काही पट्ट्या स्वतःहून खाली बसल्या. घाई करून आल्या आल्या चिकटवलं असतं तर आक्रसलेल्या लाकडावर चिकटवलं असतं आणि ते फुगल्यावर परत ओढाताण झाली असती.

चिकटवायला काय वापरायचं यावर वर्कशॉपमधे फार वाद नसतो. गरम सरस, त्यात थोडा माशाचा सरस मिसळून, साठ अंशांच्या आत गरम केलेला. तो तुटू शकतो हाच त्याचा गुण आहे, कारण लाकूड हललं की कुठेतरी काहीतरी सुटणारच, आणि सरस सुटला तर तो थोड्या उबेनं आणि ओलाव्यानं परत मऊ होतो, पुढचा माणूस आपलं काम उलगडू शकतो. पितळेची पाठ आधी स्वच्छ करून बारीक खरवडायची, आणि मग तिच्यावर कापलेली लसणाची पाकळी घासायची. हे ऐकून बरेच लोक हसतात पण फ्रान्समधे ही जुनी रीत आहे आणि आजही वापरतात, लसणाच्या रसानं सरस पितळेला जास्त चांगला धरतो. वर्कशॉपमधे त्या आठवड्यात फोडणीचा वास होता.

सगळ्यात वेळ गेला तो वाकलेल्या पितळेवर. उचललेली पट्टी सरळ करायला हातोडी हा पहिला विचार येतो आणि तोच सगळ्यात वाईट, कारण ठोकल्यावर पितळ पसरतं, लांबी किंचित वाढते, आणि मग ती आपल्याच खाचेत मावत नाही. मावत नाही म्हणून कडेनं घासली की नक्षीची रेषा बदलते. त्यामुळे प्रत्येक वाकलेला तुकडा सोडवून, दोन सपाट पट्ट्यांमधे बोटांनी आणि लाकडी पाचरीनं थोडा थोडा उलटा वाकवत सरळ केला. जी पट्टी फडक्यात अडकून निघाली होती तिला पीळ पडला होता. ती खाचेत ठेवली की एक टोक बसायचं आणि दुसरं नखाच्या जाडीएवढं वर राहायचं, परत काढायची, परत वाकवायची. शेवटी बसली तेव्हा करवतीच्या कापाची मूळ काळी रेषा तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची दिसत होती, त्यावरूनच कळलं की लांबी बदललेली नाही.

हरवलेल्या पितळेच्या तुकड्यांचे आकार शोधायला अवघड गेलं नाही. नक्षी मधोमध आरशासारखी असते, डाव्या अर्ध्यात जे गेलंय ते उजव्या अर्ध्यात उलटं दिसतं, त्यावरून ट्रेसिंग घेऊन नवीन तुकडे कापले. त्यावरचं कोरीवकाम जुन्याशी जुळेल असं केलं पण किंचित हलकं ठेवलं, आणि रिपोर्टमधे प्रत्येक नवीन तुकडा फोटोवर खूण करून दाखवला.

कवचाच्या हरवलेल्या तुकड्यांचं काय करायचं हा दुसरा मोठा निर्णय होता. जुना, नोंदवलेला साठा असलेले मोजके कारागीर खरं कवच कायदेशीर वापरू शकतात, पण आम्ही त्या वाटेला गेलो नाही. एकतर ते फार महाग, आणि दुसरं म्हणजे कपाटात उद्या दोन वेगवेगळ्या काळांतलं कवच आलं तर त्याच्या वयाचा पुरावा देणं आणखी किचकट. पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, रंगही हवा तसा येतो, पण ते वेगळ्या तऱ्हेनं म्हातारं होतं, पिवळं पडतं, सरसानं नीट धरत नाही. आम्ही गाईचं शिंग घेतलं. तेही केराटिनच, कवचासारखंच गरम केल्यावर मऊ होतं, सरसाला धरतं, आणि पातळ करून मागून लाल रंग दिला की दोन फुटांवरून फरक कळत नाही. भिंगाखाली मात्र लगेच कळतो, खऱ्या कवचातले तपकिरी डाग बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले असतात आणि शिंगात रंग रेषारेषांनी उतरतो. आम्हाला तसंच हवं होतं, बाईंच्या डोळ्यांना खटकू नये पण तपासणाऱ्याला सापडावं.

साफसफाई फार थोडी केली. पांढरी पूड रेषांमधून लाकडी काडीनं आणि कापसाच्या बोळ्यानं काढली, हे कंटाळवाणं आणि मानेचं काम, पण ती निघाल्यावर जिथे शिरा उरल्या होत्या तिथे त्या परत दिसायला लागल्या. जिथे घासून गेल्या होत्या तिथे नव्यानं कोरल्या नाहीत. पितळ आरशासारखं चमकवलं नाही, हलका मऊ पिवळा रंग ठेवला आणि वरून पातळ संरक्षक थर दिला म्हणजे परत पॉलिश करायचा मोह होऊ नये.

राहिली खालच्या पट्टीवरची एपॉक्सी. ती काढायची तर उष्णता आणि सॉल्व्हंट दोन्ही लागणार, कवच तडकायची भीती. पट्टी घट्ट होती, हलत नव्हती. मालक म्हणाले, धरलंय तर राहू दे. तसंच ठेवलं.

पुढे काय झालं

कपाट परत गेलं पण त्याच भिंतीवर नाही. समोरची आतली भिंत, रेडिएटरपासून लांब आणि खिडकीच्या उन्हापासूनही, कारण उजेडानं कवच निस्तेज होतं. बाईंनी आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर घेतला आणि खोलीत ह्युमिडिफायर लावला, आणि त्या आकडे वहीत लिहून ठेवतात, शिक्षिका आहेत ना. हिवाळ्यात आर्द्रता ४२-४५ च्या खाली गेली नाही.

पहिल्या हिवाळ्यानंतर तपासणीला गेलो तेव्हा दारं आणि बाजू उत्तम होत्या. दोन जागी मात्र पितळ उचललं होतं, आणि दोन्ही जागा खालच्या पट्टीवर, एपॉक्सीच्या अगदी कडेला. एपॉक्सीचा भाग दगडासारखा ताठ, तो लाकडाबरोबर हलत नाही, मग सगळी ओढाताण त्याच्या शेजारच्या सरसावर येते. जागेवरच उबदार सरसानं परत बसवलं.

मुलगा मधे येऊन कपाट बघून गेला. कॅनडाला नेण्याचा विचार त्यानं सध्या बाजूला ठेवलाय, पण आमचा काळाबद्दलचा रिपोर्ट आणि फोटो त्यानं जपून ठेवलेत, पुढे परवाना काढायची वेळ आली तर तेच कामाला येतील.

परत करायचं झालं तर

एपॉक्सीबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. मालकांचं म्हणणं, दर दोन-तीन वर्षांनी कडेचं थोडं बसवावं लागलं तरी चालेल, कवच फोडण्यापेक्षा ते बरं. मला वाटतं की कपाट वर्कशॉपमधे होतं, वेळ होता, तेव्हा निदान कडेचा दोन-तीन सेंटीमीटरचा पट्टा काढून तिथे सरस घालून बघायला हवं होतं, म्हणजे ताठ भाग आणि हलणारा भाग यांच्यामधे एक मऊ जागा तयार झाली असती. पुढच्या अशा कपाटावर आधी एका छोट्या, दिसत नाही अशा कोपऱ्यात ते करून बघायचं असं ठरलंय.

दुसरं म्हणजे आर्द्रतेची नोंद. कपाट उचलून आणायच्या आधी त्या खोलीत एक साधा लॉगर, म्हणजे आर्द्रता आपोआप नोंदवत राहणारं छोटं यंत्र, महिनाभर ठेवला असता तर हवा नक्की किती कोरडी होते ते आकड्यात कळलं असतं. आमच्याकडे फक्त बाईंचं सांगणं आणि आमचा अंदाज होता. आता लांबून येणाऱ्या प्रत्येक कामाला आम्ही लॉगर आधी पोस्टानं पाठवतो.

आणि व्हॅक्युम क्लीनर. घरात असं काही असेल आणि एखादं टोक उचललेलं दिसलं तर त्याच्या आसपास फडकं, ब्रश, व्हॅक्युम काहीच नको, खाली एक पांढरा कागद पसरून ठेवा म्हणजे पडलेला तुकडा दिसेल, आणि प्रत्येक तुकडा कुठून पडला ते पाकिटावर लिहा. बाईंच्या डब्यात जे तुकडे होते त्यांच्या जागा शोधण्यातच आमचा बराच वेळ गेला, आणि तो वेळ बिलात धरला गेला.